चाळण्या जमवणारे मामा

आमच्या लॅबच्या मागच्या खोलीत, फ्रिजच्या वरच्या भिंतीवर, अकरा चाळण्या टांगलेल्या आहेत. पीठ चाळायच्या. बहुतेक स्टीलच्या, दोन जुन्या पितळी काठाच्या आणि एक गुलाबी प्लॅस्टिकची. नवीन कुणी कामाला लागलं की हमखास विचारतं, यातून रक्त गाळतात का? मी हो म्हणते आणि आपल्या कामाला लागते. खरं सांगायला बसलं तर वेळ फार जातो आणि शेवटी चूक माझीच निघते.

या चाळण्या मामांच्या. मामा म्हणजे आमच्या लॅबतर्फे घरोघर जाऊन रक्त घेणारे गृहस्थ. वयानं साठीकडे झुकलेले, उंच, काटक, पांढऱ्या शर्टाची बाही कायम मनगटापर्यंत बंद. सगळे त्यांना मामाच म्हणत, अगदी आमच्या डॉक्टर मॅडमसुद्धा. उस्मानपुऱ्यातली आमची लॅब तशी लहानच. मॅडम, मशीनवर बसणारा एक टेक्निशियन, मामा आणि मी. मी काउंटरवर असते. नावं लिहून घेते, रिपोर्ट टाइप करते आणि लोकांच्या तक्रारी ऐकते. मामा होते तोवर तक्रारी बहुतेक त्यांच्याबद्दलच असत.

रक्ताबद्दल तक्रार कधीच नव्हती. मामांची सुई कळतच नसे. ज्यांची शीर सापडता सापडत नाही अशा म्हाताऱ्या बायका फोनवर आधी विचारायच्या, मामाच येणार ना? तक्रार असायची ती पुढची. रक्त घेऊन झालं, नळीवर नाव चिकटवलं, नळी बर्फाच्या डब्यात गेली, की मामा हात धुवायचे आणि घरातल्या बाईला म्हणायचे, "वहिनी, पीठ बघू जरा."

बाई गोंधळून डबा पुढं करायची. मामा चिमूटभर पीठ घेऊन अंगठ्यानं बोटावर चोळायचे. खरखरीत लागलं तर मान हलवून निघायचे. पण पावडरीसारखं गुळगुळीत लागलं की त्यांचा चेहरा पडायचा. चाळता का, असं विचारायचे. मग कोंडा कुठं जातो, असं विचारायचे. कोंडा गाईला जातो असं उत्तर आलं की म्हणायचे, "गाय नशीबवान हाय. तिला शुगर होणार नाय."

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. ते चाळणीच मागायचे. त्यांच्या पिशवीत फुटाण्यांचे पुडे असत. चाळणी द्या, फुटाणे घ्या, असा त्यांचा सरळ व्यवहार. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बोहारीण बरी, निदान ती दारात उभी राहते, असं आम्ही त्यांना चिडवायचो. ते हसायचे आणि नवीन मिळालेली चाळणी खिळ्याला अडकवायचे. इतक्या वर्षांत अकराच मिळाल्या. मागितल्या किती घरांत असतील देव जाणे.

मामांचं सगळं शास्त्र एका वाक्याचं होतं. जे खाताना दातांना काम लागतं ते रक्तात दमानं उतरतं, आणि जे तोंडात टाकल्याबरोबर विरघळतं ते रक्तात पळत सुटतं. ज्वारी, बाजरी, हरभरा, मटकी, कोंड्यासकटचा गहू ही पहिली जात. मैदा, पांढरा पाव, टोस्ट, खारी, बिस्किटं, साबुदाणा ही दुसरी. मॅडम म्हणायच्या की मामा बोलतात ते फारसं चूक नाही, मीसुद्धा पेशंटला हेच सांगते, फक्त मी फायबर म्हणते आणि लोक मान डोलावून विसरतात. सकाळी लॅबमध्ये शिरताना मामा नमस्कार करत नसत. प्रत्येकाला विचारत, "दातांना काम दिलं का आज?"

स्वतः ते तसंच जेवायचे. दीड भाकरी, मटकीची उसळ, कांदा, एखादी पालेभाजी. जेवायला त्यांना पाऊण तास लागे. एकेक घास चावत बसायचे आणि तोंडात घास असताना कितीही तातडीचा फोन आला तरी उचलायचे नाहीत. पाचोडच्या अलीकडं त्यांचं गाव. वडिलांची मेंढरं होती. लहानपणी मेंढरांमागं रानोरान फिरताना फडक्यात बांधलेली भाकर दोन दोन दिवस पुरवून खाल्ली, असं ते सांगत. तिथून ते शहरात कसे आले, रक्त घ्यायला कुठं शिकले, आणि या पिठाच्या नादाला नेमके कशानं लागले, ते मला माहीत नाही. बारा वर्षं एका खोलीत काम केलं, मी कधी विचारलं नाही.

एकदा मॅडमनी डब्यात ब्राऊन ब्रेडचं सँडविच आणलं. तब्येतीला चांगलं म्हणून मुद्दाम आणलेलं. मामांनी त्यातली उरलेली स्लाइस मागून घेतली, मुठीत धरून दाबली आणि मूठ उघडून टेबलावर ठेवली. लिंबाएवढी गोळी झाली होती. मामा शांतपणे म्हणाले की मॅडम, रंग बदलला, पण आतून तोच हाय. त्यांनी ती गोळी दिवसभर काउंटरवर ठेवली आणि येणाऱ्या प्रत्येक पेशंटला दाखवली. मॅडम तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या डब्यात पोळी-भाजी आली.

जुन्या शहरातल्या घरांतही त्यांना मान होता. तिथं त्यांची भाषा बदलायची. मटणाच्या रश्शात मैद्याचा नान बुडवून खाणाऱ्या एका खालांना ते दर वेळी बजावायचे, "खाला, नान-खलिया ईद कू खाव, रोज नक्को." खाला त्यांना उलट ऐकवायच्या, पण त्या अकरातली पितळी काठाची एक चाळणी त्यांचीच आहे.

पण मामा आंधळेपणानं भाकरीचे भक्त होते असं कुणी समजू नये. क्रांती चौकाजवळ एक निवृत्त साहेब राहायचे. त्यांनी साखर, गहू, तांदूळ सगळं सोडलं आणि ज्वारीवर आले. तरी शुगर हलेना. मशीन बिघडलंय तुमचं, असं त्यांनी मला फोनवर सुनावलं. मामा गेले, दोन तास त्यांच्या घरी बसले आणि परत येऊन म्हणाले की साहेब एका बैठकीला पाच भाकरी खातात आणि वर गुळाचा खडा, गूळ नैसर्गिक असतो म्हणून. मामांनी त्यांना सांगितलं, "साहेब, ज्वारी चांगली हाय, पण तिला पण माप हाय. ती काय औषधाची गोळी नाय." पुढच्या वेळी साहेबांचा आकडा खाली आला. फोन मात्र आला नाही.

मामांचा खरा हट्ट होता तो जेवणानंतरच्या रक्ताबद्दल. शुगरच्या तपासणीत पहिलं रक्त उपाशीपोटी घेतात. मग माणसानं नेहमीसारखं जेवायचं आणि दोन तासांनी दुसरं रक्त द्यायचं. म्हणजे रोजच्या जेवणानं अंगात काय होतं ते कळतं. आता आपली माणसं काय करतात? रक्त द्यायच्या दिवशी अर्धी पोळी आणि कारल्याची भाजी खातात. त्याच्या आधीचे तीन-चार दिवस तर तोंडाला कुलूप. परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास करावा तसं सगळं घर पथ्याला लागतं. रिपोर्ट चांगला आला की त्याच संध्याकाळी शिरा होतो.

मामा हे चालू देत नसत. ते जेवणाच्या वेळी हजर व्हायचे आणि म्हणायचे, रोजचं जेवण वाढा, मी बसतो इथं. रोज दोन वाट्या भात खाणाऱ्यानं दोन वाट्या भात खायचा. रोज चहात चार टोस्ट बुडवणाऱ्यानं तेच करायचं. बायका म्हणायच्या, हा माणूस आमचा रिपोर्ट बिघडवायला येतो. मामांचं म्हणणं असे की कागद चांगला आणून काय करायचंय, डोळे आणि पाय कागदाला नसतात, माणसाला असतात.

हे सगळं मी रोज ऐकत होते. शुगरच्या रिपोर्टांत माझा अर्धा दिवस जायचा. आणि माझ्या घरी माझी आई होती.

वडील गेल्यावर मी आईला गावाहून माझ्याकडं आणलं. आमचंही गाव मामांच्या गावासारखं पैठण तालुक्यातलंच. आईनं जन्मभर शेतात कष्ट केले, पहाटे उठून भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढून उरलेली वाळकी भाकर स्वतः खाल्ली. मी ठरवलं होतं की आता तिला मऊ खाऊ घालायचं. मी गहू बारीक दळून आणायचे आणि पीठ दोनदा चाळायचे. माझ्या पोळ्या रुमालासारख्या घडी व्हायच्या. सकाळी तिला चहासोबत टोस्ट, रात्री मऊ भात आणि वरण, एकादशीला साबुदाण्याची खिचडी. ती खायची आणि म्हणायची, "तुझ्या हातचं लई मऊ असतंय गं." मला वाटायचं, माझं कौतुक करतेय.

दोन वर्षांत तिला शुगर निघाली. मी तिच्या चहातली साखर बंद केली, गोडधोड बंद केलं, आंबा बंद केला. टोस्टचं पाकीट बदलून साखर नसलेलं आणलं. हिरव्या अक्षरांत तसं लिहिलेलंच होतं. माझ्या दृष्टीनं काम संपलं होतं. लॅबमध्ये काम करणारी मुलगी असल्यावर आईची काळजी घेतली जातेय याबद्दल नातेवाइकांत माझं नाव होतं.

दर तीन महिन्यांनी मामा घरी येऊन आईचं रक्त घ्यायचे. ते तिला आक्का म्हणत आणि ती त्यांना भाऊ. पाचोडच्या बाजारातल्या, पावसापाण्याच्या गप्पा चालायच्या. आईची सुई टोचून घ्यायची भीती त्यांनीच घालवली.

एकदा असंच रक्त घेऊन झाल्यावर मामांनी हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "ताई, पीठ बघू जरा." मला हे येणार हे माहीत होतं. तरी मला राग आला. नवरा घरात होता, सासूबाई आलेल्या होत्या. मी डबा दिला. मामांनी पीठ चोळलं. ओट्यावर टोस्टचा डबा होता, तो उघडून बघितला. भिजवलेला साबुदाणा झाकून ठेवलेला होता, त्यावरचं झाकण उचललं. मग माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाले, "ताई, आक्काचा रिपोर्ट एक सांगतोय आणि तुमचा ओटा दुसरंच सांगतोय. टोस्टात साखर नाय, खरं हाय, पण मैदा काय सासरी गेलाय का? उद्या मला आक्काला रोजचं जेवताना बघू द्या." आणि खिळ्यावरच्या माझ्या चाळणीकडं हात केला.

सासूबाई ऐकत होत्या. माझ्या स्वयंपाकात दोष निघतोय आणि तोही माझ्याच ऑफिसातल्या माणसाकडून, हे मला सहन झालं नाही. मी म्हणाले, "मामा, तुम्ही सुई टोचा आणि जा. बाकीचं बघायला डॉक्टर आहेत."

मामांनी हात खाली घेतला. "बरं ताई," म्हणाले, बर्फाचा डबा उचलला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये ते नेहमीसारखेच होते. मॅडमना विचारलं, टेक्निशियनला विचारलं, दातांना काम दिलं का. माझ्यासमोरून नुसते मान हलवून गेले. त्यानंतरही ते दर तीन महिन्यांनी घरी यायचे, आईशी दोन शब्द बोलायचे, रक्त घ्यायचे आणि निघायचे. अख्ख्या शहरात ते गप्प बसत असं एकच घर होतं आणि ते माझं होतं. खरं सांगते, तेव्हा मला बरं वाटलं होतं.

आईचे रिपोर्ट छान येत होते. का येत होते तेही मला माहीत होतं. मीच तिला आठवण करायचे की आई, गुरुवारी रक्त द्यायचंय, जरा सांभाळून खा. ती बिचारी सोमवारपासून भाजी आणि पातळ वरणावर राहायची. गुरुवारी मी तिचा रिपोर्ट टाइप करायचे आणि शुक्रवारी तिला पुन्हा टोस्ट द्यायचे. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी हसले असते.

मामा एकदाच बोलले. आईच्या रक्ताची नळी माझ्यासमोर ठेवून त्यांनी विचारलं की आक्काची ती तीन महिन्यांची सरासरी काढायची टेस्ट पण लावायची का. त्या तपासणीत चार दिवसांचं पथ्य चालत नाही, मागच्या तीन महिन्यांचं सगळं खरं बाहेर येतं. मी मॉनिटरवरून नजर न काढता म्हणाले, मॅडमनी लिहिलेली नाही. मामा नळी उचलून आत घेऊन गेले.

पुढं त्यांचा हात थरथरायला लागला. एका बाईला त्यांना दोनदा टोचावं लागलं. दुसऱ्या कुणाला त्यात काही वाटलं नसतं. मामा परत आले, बर्फाचा डबा पुसून फ्रिजजवळ ठेवला आणि मॅडमना म्हणाले की आता बास. मॅडमनी समजावलं, काउंटरवर बसा म्हणाल्या. ते ऐकले नाहीत. आठवड्याभरात गावी गेले. चाळण्या राहू द्या म्हणाले. मी त्यांना निरोप द्यायला दारापर्यंत गेले होते, पण सोबत सगळे होते म्हणून काही बोलले नाही. सगळे नसते तरी बोलले असते की नाही, शंकाच आहे.

त्यानंतर काही महिन्यांनी आई सुईत दोरा ओवेनाशी झाली. मग दारात कोण आलंय ते आवाजावरून ओळखायला लागली. मी चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून नेलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं आणि विचारलं, शुगर किती वर्षं वाढलेली आहे? मी म्हणाले, वाढलेली नाही, रिपोर्ट नॉर्मल आहेत. त्यांनी तीच तीन महिन्यांची तपासणी लिहून दिली. तिचा आकडाही मीच टाइप केला. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर सांभाळू, गेलेली परत येणार नाही.

घरी आल्यावर मी चाळणी माळ्यावर टाकली आणि ज्वारी दळून आणली. दोन दिवस भाकऱ्या थापल्या. आई जेवायची, ताट रिकामं व्हायचं. तिसऱ्या दिवशी तिचं लुगडं धुवायला घेतलं तर पदरात भाकरीचे चघळलेले तुकडे बांधलेले. मी तिला तोंड उघडायला लावलं. मागच्या दाढा दोन्ही बाजूंच्या नव्हत्याच. पुढचे दात हलत होते. कधीपासून, विचारलं. ती म्हणाली, "लई दिस झाले. तुला नोकरी, पोरं, तुझ्या मागं आणिक एक कशाला."

माझ्या मऊ पोळ्यांचं कौतुक का होत होतं ते मला तेव्हा कळलं. दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं, शुगर खाली आल्याशिवाय हलणारे दात काढणार नाही, आणि कवळीचं त्यानंतर बघू. आणि मला मामांचा राग आला. घरोघर दातांना काम दिलं का म्हणून विचारत फिरलात, ज्या बाईला दातच नाहीत तिनं काय करायचं? तिच्या तोंडात एकदा तरी बघायचं होतंत. हा राग मला काही दिवस फार उपयोगी पडला. माझ्यावरचं ओझं तेवढं कमी झालं.

मग मॅडमनी सांगितलं की मामांना अर्धांगवायूचा झटका आला. मी रविवारी एसटीनं निघाले. पिशवीत माळ्यावरून काढलेली चाळणी घेतली होती. मामांच्या गावच्या फाट्यावर उतरले तर समोरच दुकान. आजाऱ्याला भेटायला जाणारी माणसं तिथून बिस्किटांचे पुडे घेत होती, रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून. मी मोठ्या तोऱ्यात फुटाणे घेतले. ज्या माणसाचं अर्धं तोंड हलत नाही त्याच्यासाठी फुटाणे. माझी अक्कल एवढीच.

मामा ओसरीत बाजेवर होते. उजवा हात छातीशी आखडलेला, तोंड एका बाजूला ओढलेलं. शेजारी त्यांची सून बशीतल्या चहात टोस्ट बुडवून त्यांना भरवत होती. पाकीट तिथंच पडलं होतं. हिरव्या अक्षरांचं, मी घरी आणायचे तेच. सून मला म्हणाली, "ताई, मऊ लागतंय त्यांना. चावता येत नाय ना. साखर नसलेलंच आणलंय मुद्दाम." मोठ्या मायेनं ती ते करत होती. मामा घास घेत होते, पण त्यांची नजर माझ्यावर होती आणि मला मान वर करवेना. मला रडू आलं, ते मी आवरलं नाही.

मी बाजेजवळ बसून त्यांना सगळं सांगितलं. आईचे डोळे, तिचा पदर, तिच्या दाढा. "मामा, तिला दातच नव्हते," मी म्हणाले. "तिनं कुणालाच सांगितलं नाही."

मामांना बोलायला फार वेळ लागत होता. शब्द तोंडात अडकत होते. "म्या..." ते म्हणाले. थांबले. "म्या इचारलं नाय."

"मी विचारू दिलं नाही, मामा. तुम्हाला घालवून दिलं मी."

त्यांनी डावा हात हलवला. ते राहू दे, असा त्याचा अर्थ असेल. किंवा होय, घालवून दिलंस, असाही असेल. मी पिशवीतून चाळणी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ओळखली. तोंडाची जी बाजू हलत होती तेवढी हसली. ही बारावी.

मग ते डोळे मिटून पडून राहिले. झोप लागली असं वाटून मी उठणार, तेवढ्यात त्यांनी एक शब्द उच्चारला. एवढ्या वेळात तो एकच स्पष्ट होता.

"कण्या."

सुनेला हसू आलं. ती म्हणाली की त्या आता कोण खातंय, गरिबाचं खाणं ते, पाव्हण्यापुढं काढायची चीज हाय का ती. पण मला एकदम माझ्या लहानपणची चूल दिसली. ज्वारी जाडसर भरडायची, मिठाच्या पाण्यात मऊ शिजवायची आणि ताकात कालवून खायची. कोंडा त्यातच, दाणा त्यातच, आणि चावायला काही नाही. आमच्या घरी ज्या दिवशी दुसरं काही नसे त्या दिवशी कण्या असत. माझ्या संसारात मी त्या एकदाही केल्या नव्हत्या. मामा आयुष्यभर चावायच्या गोष्टी सांगत फिरले, आणि ज्याला चावता येत नाही त्याचं जेवण त्यांच्या स्वतःच्या लहानपणात पडून होतं. त्यांनाही ते आताच आठवलं होतं.

सुनेकडं ज्वारी होती, मिक्सर होता. आम्ही दोघींनी मिळून कण्या शिजवल्या. अर्धा-पाऊण तास गेला. मी ताकात कालवून मामांना भरवायला बसले. सात-आठ चमचे झाल्यावर त्यांनी तोंड मिटलं आणि डावा हात वर केला. सून म्हणाली, आणखी थोडं घ्या की मामंजी. त्यांनी मान हलवली. मामांचं माप अजून जागेवर होतं.

त्यानंतर मामा फार दिवस राहिले नाहीत. सुनेनं फोनवर कळवलं, तेव्हा हेही सांगितलं की शेवटपर्यंत कण्याच खात होते. माझी चाळणी तिच्याकडंच आहे. ती मी परत मागितली नाही.

त्या रविवारी घरी आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. हातपाय धुतले आणि सरळ ओट्याशी गेले. ज्वारी भरडली, शिजवली, वाटीत ताक घालून कालवलं आणि आईच्या हातात दिलं. तिनं आधी वास घेतला. मग एक घास तोंडात फिरवला.

"मामांनी सांगितलं," मी म्हणाले.

"मला दाढा गेल्या तवाच खाव्या वाटायच्या गं," आई म्हणाली. "पण तुझं घर असं चांगलं. तुझी सासू, जावई. त्यांच्यादेखत कण्या कशा मागू? तुलाच खाली बघावं लागलं असतं."

ती खात होती. किती वर्षांनी ती अशी मन लावून जेवताना दिसत होती. वाटी संपली तशी तिनं ती माझ्या दिशेनं पुढं केली, थोडी उजवीकडं, मी बसले होते त्याच्या बाजूला. म्हणाली, "आणिक वाढ. भरून वाढ."

सहा वर्षं मी तिला तिनं न मागितलेलं भरभरून वाढलं होतं. आज ती पहिल्यांदा मागत होती. पातेल्यात कण्या होत्या. मी एक पळी घेतली, दुसरी घ्यायला हात गेला आणि तो मी मागं घेतला.

आईनं वाटी हातात घेतली. कुठवर भरलीय ते आता तिला दिसत नाही. तिनं बोट आत घालून अंदाज घेतला.

"अर्धीच हाय की गं," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हणाले. "अर्धीच."